आधी गाईचं विचारायचं

मी नोकरीला लागले ते दुकान सावेडीत आहे. पुढे शोरूम, मागे गोडाऊन आणि वर जाणाऱ्या जिन्याखाली एक टेबल, त्यावर दोन फोन. गाई-म्हशींची धार काढायची मशीन आम्ही विकतो आणि दुरुस्त करतो. विक्रीचं शेठ बघायचे. दोन मेकॅनिक मोटारसायकलवर जिल्हाभर फिरायचे. आणि मशीन बंद पडलं, ओढ कमी झाली, पाईप निसटला असे जे फोन दिवसभर यायचे, ते घ्यायचं काम जिन्याखालच्या टेबलाशी बसलेल्या काकूंचं. मला त्यांच्या मदतीला म्हणून घेतलं होतं.

काकू तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. देवळाली प्रवराकडे त्यांनी वीसेक वर्षं स्वतःचा गोठा सांभाळला होता. गुडघे गेले, मुलाला शहरात नोकरी लागली, तेव्हा गाई विकून त्या इकडे आल्या. घरात बसवेना म्हणून शेठना विचारायला गेल्या, आणि शेठनी त्यांना फोनवर बसवलं. शिक्षण सातवीपर्यंत. मी बी.कॉम. झालेली, वर पुण्यात सहा महिने कॉल सेंटरला काम केलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, या बाईंना मीच चार गोष्टी शिकवीन.

माझा पहिला फोन मला अजून लख्ख आठवतो. राहुरीकडचा एक शेतकरी होता. मी पुण्यात शिकवल्याप्रमाणे नमस्कार केला, दुकानाचं नाव सांगितलं, आपली काय सेवा करू शकते असं विचारलं. तो म्हणाला, मशीन ओढत नाही. मी म्हटलं, आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया मशीनचा नंबर सांगता का? तो म्हणाला, "बाई, नंबर कुठं शोधत बसू? गाय निम्मी पिळून उभी हाय."

काकूंनी हात पुढे केला आणि फोन घेतला. त्यांनी नमस्कारही केला नाही. "बोला दादा. गाय कितव्या वेताची?" असं विचारलं. तिसऱ्या, असं उत्तर आलं असणार. मग गाय शांत आहे का लाथा मारते, दुसरी गाय पिळून झाली का हीच पहिली, मोटर चालू आहे तर आवाज नेहमीसारखा आहे का, असं एकेक विचारत गेल्या. दर प्रश्नानंतर थांबायच्या. तीन-चार मिनिटांत कळलं की बादलीच्या झाकणाखालचं रबर दुमडलं होतं. त्याने ते काढून सरळ बसवलं आणि ओढ परत आली. फोन ठेवताना काकू म्हणाल्या, "आता पिळून घ्या, मग निवांत चहा प्या."

माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "आधी गाईचं विचारायचं. मशीनचं तो आपोआप सांगतो."

पुढचे काही महिने मी त्यांच्या शेजारी बसून नुसती ऐकत होते. हळूहळू लक्षात आलं की ही बाई काहीतरी असं करते आहे जे मला कुणी शिकवलं नव्हतं. मशीनला एक छोटा भाग असतो, पल्सेटर. गाईच्या सडांवर कप बसवले की तो ठराविक लयीत ठक ठक वाजत राहतो. काकू समोरच्याला सांगायच्या, फोन जरा त्याच्याजवळ धरा. मग डोळे मिटून, उजव्या हाताची बोटं टेबलावर हलवत मोजायच्या. मिनिटाला साठच्या आसपास ठोके पडायला हवेत. कमी पडत असतील तर आत धूळ गेली आहे, लय मधेच अडखळत असेल तर आतला रबरी पडदा फाटला आहे. मेकॅनिक जाऊन बघून यायचे तेव्हा दहातल्या नऊ वेळा काकूंचंच खरं निघायचं. एका मेकॅनिकला त्याचा रागही यायचा. तो म्हणायचा, मग मला कशाला पाठवता, काकूंनाच डब्यात घालून पाठवा. काकू हसून त्याला जाताना कोणती रबरं बरोबर घ्यायची ते सांगायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं गप्प राहणं. शेतकरी म्हणायचा, थांबा, मोटरकडं जाऊन येतो. काकू फोन कानाला लावून थांबायच्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. पलीकडे गोठ्यातले आवाज यायचे, कुणीतरी बादली सरकवायचं, वासरू हंबरायचं. पुण्यात आम्हाला शिकवलं होतं की फोनवर शांतता पडू द्यायची नाही. मी एकदा काकूंना म्हटलं, तुम्ही ठेवून द्या, तो परत लावेल. काकू म्हणाल्या, तो पळत गेलाय. परत आल्यावर कुणी नसलं तर त्याला कसं वाटेल?

आणि चिडलेला माणूस. घोडेगावकडून एक जण फोन करायचा, तो सुरुवातच शिवीनं करायचा. त्याचा फोन कधी कधी मला घ्यावा लागायचा. मी मध्येच बोलायला जायचे, साहेब तुम्ही नीट बोला, आणि तो आणखी भडकायचा. एका संध्याकाळी तो असाच ओरडत होता तेव्हा काकूंनी फोन घेतला. त्यांनी त्याला सगळं बोलू दिलं. थांबल्यावर विचारलं, "संकलनाची गाडी किती वाजता निघते तुमच्याकडून?" तो म्हणाला, अर्ध्या तासात. म्हणजे राग मशीनवर नव्हता. दूध वेळेत डेअरीवर गेलं नाही तर ते तसंच घरात राहणार, याची त्याला धास्ती होती. काकू म्हणाल्या, मशीन आता तसंच राहू दे, शेजारच्याला हाक मार, दोघं मिळून हातानं पिळा, आणि गाडी गेली की मला फोन कर, मी बसलेली आहे. त्या दिवशी त्या खरंच पाऊण तास जास्त बसल्या. त्याचा फोन आला. त्याचा आवाज इतका मऊ झाला होता की मला आधी तो दुसराच कुणी वाटला.

हे सगळं मी पाहत होते, आणि मला वाटायला लागलं होतं की मलाही आता जमतं. मीही गाईचं आधी विचारत होते. मीही थांबत होते. त्याच सुमारास काकू देवळालीला भाचीच्या लग्नाला गेल्या आणि मी पहिल्यांदा टेबलाशी एकटी बसले.

चार-साडेचारला एका बाईंचा फोन आला. पाथर्डीच्या पलीकडच्या गावातल्या होत्या. आवाज बारीक, जपून बोलणारा. त्यांनी सांगितलं ते असं: घरात दोन गाई. वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात मनगटात मोडला होता, तेव्हापासून हातानं धार काढता येत नव्हती. म्हणून नवऱ्यानं दिवाळीच्या आधी आमच्याकडून छोटं मशीन नेलं. दरवर्षी दोघं मिळून ऊसतोडीला जायचे, पण यंदा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि एक गाय नुकतीच व्यालेली, म्हणून बाई मागं राहिल्या आणि नवरा भावाबरोबर गेला. तो होता तोवर मशीन छान चाललं. तो गेला आणि ती व्यालेली गाय दूधच देईना. कप लावले की चुळबुळ करते, बादलीत लिटरभर पडतं आणि बंद.

मी गाईचं विचारलं, आजारी नाही ना, खाते ना. खाते, म्हणाल्या. मग मी मशीनकडे वळले. मशीनवर काट्याची एक तबकडी असते, तिच्यावरून ओढ किती आहे ते कळतं. मी विचारलं, काटा किती दाखवतोय? त्या म्हणाल्या, पंधरा. आमच्याकडच्या बहुतेक तबकड्यांवर काटा अडतीसच्या जवळ लागतो, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पंधरा म्हणजे अगदीच कमी. मी सांगितलं, ओढ कमी आहे ताई, बाजूला एक नट आहे, तो थोडा थोडा आवळत जा. त्यांनी आवळला. अठरा झाला, वीस झाला. मी म्हटलं, आणखी थोडा, आणि आता असंच चालू ठेवा. त्यांनी माझे आभार मानले. माझा मला अभिमान वाटला. वहीत मी लिहिलं: ओढ कमी, नट आवळून घेतला, काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच पहिला फोन आला. आवाज आणखी बारीक झाला होता. "ताई, गाईच्या सडाला सूज आलीया. जांभळं पडलंय. ती आता जवळ येऊ देत न्हाई."

काय झालं असेल ते मला कळलं नव्हतं, पण माझ्याकडूनच काहीतरी झालं आहे हे कळलं होतं. मी म्हटलं, मेकॅनिक पाठवते, आणि फोन ठेवला. ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटलं, हे मला अजून आठवतं आणि अजून वाईट वाटतं.

अकराच्या सुमाराला काकू आल्या, लग्नाचे लाडू घेऊन. माझा चेहरा पाहून त्यांनी डबा तसाच बाजूला ठेवला. मी सगळं सांगितलं. त्यांनी वही पाहिली, मग विचारलं, "पंधरा कुठला? आतला का बाहेरचा?"

मला प्रश्नच कळला नाही. काकू मला हाताला धरून गोडाऊनमध्ये घेऊन गेल्या आणि छोट्या मशीनचा खोका उघडला. तबकडीवर आकड्यांच्या दोन ओळी होत्या. बाहेर मोठे आकडे, आत बारीक. आतला पंधरा जिथे होता, त्याच्या अगदी समोर बाहेर अडतीस होतं. एकच जागा, दोन आकडे. त्या बाईंनी आतला आकडा वाचला होता. त्यांचा काटा बरोबर जागेवरच होता. मी तो तिथून पार वर चढवायला लावला आणि त्या मशीननं गाईचे सड अर्धा तास जास्तीच्या ओढीनं ओढले.

मी तिथेच खोक्यावर बसले. काकू मला रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. बाहेर गेल्या आणि शेठशी बोलल्या. शेठ वाईट माणूस नव्हते, पण घाबरले. म्हणाले, सांगा की कासेला संसर्ग झालाय, व्यालेल्या गाईला होतो, डॉक्टर बोलवा. मशीनचं आणि आपलं काही बोलू नका, चार गावांत बोभाटा होईल. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेठ, ती बाई एकटी आहे. उद्या परत नट आवळेल, कारण आपणच सांगितलंय तिला." शेठ म्हणाले, मग काय करायचं ते तुम्ही करा.

काकूंनी फोन माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, तुम्हीच बोला ना काकू. त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस, तूच उलटं सांग. मी शेजारी आहे."

मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्यांचा आवाज ऐकल्यावर सगळं विसरले. एवढंच म्हणाले, ताई, चूक माझी झाली. तुमचा काटा बरोबर होता. तुम्ही आतला आकडा सांगितला, मी बाहेरचा समजले, आणि तुम्हाला नट आवळायला लावला. त्यामुळे सड सुजलेत. आता मशीन लावू नका, नट परत सैल करा, डॉक्टरांना बोलवा.

मला वाटलं, आता शिव्या येणार. आल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलं ते लई बरं झालं. मला वाटलं माझ्याच हातानं काय तरी वाकडं झालं. सासूबाईला कालपासून तोंड दाखवलं न्हाई मी."

काकूंनी माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

मग मी जे ऐकलं ते मी कधी विसरणार नाही. काकूंनी आधी दुसरी गाय पिळली का ते विचारलं. पिळली नव्हती. शेजारी कोण आहे, तिला हाक मारा, हातानं पिळून घ्या. डॉक्टर कुठून येतो, नंबर आहे का, नसला तर मी इथून शोधून लावते. सूज आलेले सड कोमट पाण्यानं शेका, आणि पाणी किती कोमट ते आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर बघा, दुखऱ्या हाताच्या नको, दुसऱ्या. सगळं सांगून झाल्यावर, जणू सहज आठवलं अशा स्वरात त्यांनी विचारलं, "या गाईची धार रोज कोण काढायचं?"

"हेच काढायचे. मशीन बी हेच लावायचे."

"आणि ते गेले तेव्हापासून पान्हा चोरते?"

"व्हय. त्याच दिवसापासून."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं की हा प्रश्न मी विचारला असता तर बाकीचं काहीच घडलं नसतं. मशीनला काही झालंच नव्हतं. गाईला माणूस ओळखीचा वाटत नव्हता. मी गाईचं विचारलं होतं खरं, पण ते एक काम उरकल्यासारखं, उत्तराकडे लक्ष न देता.

काकूंनी सांगितलं, सड बरे होईपर्यंत मशीन लांब ठेवा, पण दोन्ही वेळेला गाईजवळ जाऊन बसा. नवऱ्याचा घरात राहिलेला न धुतलेला सदरा असेल तर तो अंगावर घाला. भुसा-पेंडीचं आंबोण तुम्हीच ठेवा, पाठीवरून हात तुम्हीच फिरवा. बोलत राहा, काहीही बोला.

डॉक्टर त्याच दुपारी गेले. मेकॅनिकला शेठनी स्वतःहून पाठवलं, आणि जाताना गाईसाठी मलमाची डबीही दिली. त्यानंतर दररोज संध्याकाळी पाच वाजता काकू त्या बाईंना फोन लावायच्या. मलाही शेजारी बसवायच्या. पहिले काही दिवस नुसती चौकशी. सूज उतरली का, उजवीकडचा मागचा सड कसा आहे. मग एका संध्याकाळी डॉक्टरांनी मशीन लावायला हरकत नाही असं सांगितलं. बाईंनी फोन गव्हाणीच्या कडेवर ठेवला आणि कप लावले. आम्ही दोघी जिन्याखाली एका रिसीव्हरला कान लावून बसलो. ठक ठक सुरू झालं. त्या गाईशी बोलत होत्या, काय ते नीट कळत नव्हतं, पण अधूनमधून "बाळा" ऐकू यायचं. दोन मिनिटं गेली. काकूंची बोटं टेबलावर चालली होती. मग बाईंचा आवाज एकदम जवळ आला. "सोडला ताई. पान्हा सोडला तिनं."

काकूंनी डोळे वगैरे काही पुसले नाहीत. त्या म्हणाल्या, आता काटा बघा, आतल्या ओळीत पंधरा आहे ना? आहे, म्हणाल्या. मग घ्या पिळून.

सगळंच काही पूर्ववत झालं नाही. त्या गाईच्या एका सडाला पुढे कायमचंच दूध कमी राहिलं. बाईंनी त्याचा उल्लेख कधी स्वतःहून केला नाही, मीच एकदा विचारलं तेव्हा सांगितलं. त्या आजही फोन करतात. रबर बदलायचं असलं की, आणि कधी नुसतंच.

त्या आठवड्यात काकूंनी घरून सुनेची लाल नेलपॉलिशची बाटली आणली. गोडाऊनमधल्या प्रत्येक तबकडीवर, काटा जिथे हवा तिथे, त्यांनी एक लाल रेघ ओढली. मेकॅनिकनाही एकेक बाटली दिली आणि सांगितलं, ज्या गोठ्यात जाल तिथे रेघ मारून या. शेठ आधी हसले, पण पुढच्या महिन्यापासून नवीन मशीन रेघ मारल्याशिवाय दुकानाबाहेर जाईनासं झालं. आता फोनवर आकडा विचारावा लागत नाही. काटा रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच विचारायचं.

काकूंनी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. ज्या कानाला त्या इतकी वर्षं फोन लावायच्या त्याच कानानं ऐकू येणं कमी झालं, आणि दुसऱ्या कानाला फोन लावायची त्यांना सवय होईना. त्यांच्या खुर्चीत मी बसते. माझ्या हाताखाली आता एक मुलगी आहे, नेवाशाची, आणि तिला बोलायला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, कारण तिच्या घरी अजून गाई आहेत.

महिन्यातून एकदा मी काकूंकडे जाते. जवळच राहतात, स्कूटरवर दहा मिनिटं. समोर बसून, जरा मोठ्यानं, ओठ दिसतील असं बोलावं लागतं. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, विशेष काय? मी सांगितलं, एका म्हाताऱ्या बाबांचा फोन आला होता, शेवगावकडचे. त्यांनी मशीनबद्दल काही विचारलंच नाही. गाय विकली होती त्यांनी आदल्या दिवशी, बाजारात नेऊन. ती चालताना मान कशी हलवायची, कोणाच्या हातचं खायची, ते सांगत राहिले. पंधरा-वीस मिनिटं बोलले आणि ठेवून दिला. मला कळेना की त्यांनी आम्हालाच का फोन केला.

काकू म्हणाल्या, घरी त्यांना कोण विचारणार गाईचं? त्यांनी बाबांचं गाव विचारलं, गाय जर्सी होती का गावठी ते विचारलं, कितवं वेत झालं होतं ते विचारलं. मला त्यातलं निम्मं सांगता आलं. निम्मं मी विचारलंच नव्हतं. काकूंनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. आतून म्हणाल्या, परत फोन आला तर विचार.